लग्नानंतर दोन वर्षं गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या तर पुढे दिवस राहायला अडचण येते का?

नाही, या गोळ्यांमुळे वंध्यत्व येत नाही. बंद केल्यावर बहुतेक जणींची पाळी १ ते ३ महिन्यांत पूर्ववत होते, काहींना तर पहिल्याच महिन्यात दिवस राहतात. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात, २१ हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या. ही हार्मोन्स स्त्रीबीज बाहेर पडू देत नाहीत, पण ती शरीरात साठत नाहीत, काही दिवसांत निघून जातात. म्हणून तर गोळी रोज घ्यावी लागते. पाळी आधीपासूनच अनियमित असेल, पीसीओडी (अंडाशयातल्या हार्मोनच्या बिघाडाचा आजार) असेल, तर गोळ्या थांबल्यावर तो त्रास पुन्हा दिसतो आणि दोष उगाच गोळीवर येतो. ‘मध्ये काही महिने खंड घ्या’ हा सल्लाही ऐकू नका, नको असलेला गर्भ नेमका त्याच खंडात राहतो. उशीर होतो तो दर ३ महिन्यांनी घ्यायच्या ‘अंतरा’ या गर्भनिरोधक इंजेक्शननंतर. शेवटच्या इंजेक्शनपासून दिवस राहायला साधारण ७ ते १० महिने लागू शकतात.

मात्र गोळी सगळ्यांसाठी नाही. रक्तदाब जास्त असेल, पूर्वी रक्तात गुठळी झाली असेल, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठत असेल किंवा टीबीचं रिफॅम्पिसिन हे औषध चालू असेल, तर डॉक्टरांना हे स्पष्ट सांगून दुसरा उपाय निवडा. आणि दोघंही जा, तिला एकटीला पाठवू नका.