बाळाने एकाएकी पिणं सोडलं तेव्हा

माझ्याकडे येणाऱ्या आयांच्या तोंडी एक प्रश्न वरचेवर असतो. "परवापर्यंत छान पीत होतं, आता जवळ घेतलं की तोंड फिरवतं. माझं काय चुकलं?" घरात त्यावर बहुतेकदा दोनच उत्तरं तयार असतात. "बरं झालं, आपोआप सुटलं," नाहीतर "तू कामावर जायला लागलीस म्हणून." पहिल्या उत्तरात तिच्या दुःखाला जागा नाही, दुसऱ्यात सगळा दोष तिच्या माथी. मला दोन्ही पटत नाहीत. का पटत नाहीत, ते एका आईच्या अनुभवातून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगी दहा महिन्यांची. आई नुकतीच पुन्हा कामावर रुजू झालेली. दिवसा वरचं दूध, संध्याकाळी आणि रात्री अंगावर, अशी घडी बसली होती. एका संध्याकाळी पिता पिता मुलगी कडकडून चावली आणि आई कळवळून ओरडली. मुलगी दचकली, खूप रडली. त्या रात्रीपासून छातीशी घेतलं की अंग ताठ करायची, मुठी आवळायची आणि मान उलटीकडे वळवायची.

आई माझ्याकडे आली तेव्हा तिने छातीशी घडी केलेला रुमाल दाबून धरला होता, कारण दूध झिरपत होतं. "मॅडम, दूध येतंय अजून. प्यायलाच कोणी नाही," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मी ओरडले ते तिने मनाला लावून घेतलं. तिला मी नकोशी झालेय."

"असं काही नसतं हो," हे शब्द अशा वेळी पटकन तोंडावर येतात. पण ते ऐकून कोणत्याही आईचं समाधान झालेलं मी पाहिलं नाही. मी तिला विचारलं, "रात्री दचकून उठली की ती कोणाकडे झेपावते?"

"माझ्याकडेच. दुसऱ्या कोणाकडे राहतच नाही. पण पाजायला आडवं घेतलं की रडते."

तिचं उत्तर मी तिलाच पुन्हा ऐकवलं. मुलीला आई हवी होती. आडवं होऊन पिणं नको होतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे ध्यानात आल्यावर पुढचं बोलणं सोपं झालं.

एक वर्षाच्या आतलं बाळ स्वतःहून अंगावरचं दूध कायमचं सोडतंय, असं क्वचितच घडतं. आणि सोडलंच तरी ते सहसा हळूहळू सुटतं, आज एक वेळ कमी, महिन्याने आणखी एक. एका दिवसात सगळं बंद झालं तर बहुधा तो तात्पुरता नकार असतो. याला 'नर्सिंग स्ट्राइक' म्हणतात. तो बऱ्याचदा दोन-चार दिवसांत मिटतो, कधी आठवडा किंवा त्याहून जास्त लांबतो. चोंदलेलं नाक, ठणकणारा कान, येणारे दात, तोंडातले पांढरे चट्टे, आईचा नवा साबण किंवा अत्तर, बाटलीतून आयतं मिळणारं दूध, आईपासून जास्त वेळ दूर राहणं, चावल्यावर आई ओरडल्याने बसलेला धक्का, यांपैकी काहीही कारण असू शकतं. आई पुन्हा गरोदर असेल तर दूध कमी होतं, चवही बदलते. कधीकधी कारण शेवटपर्यंत कळत नाही.

म्हणून मी आधी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. मुलीच्या एका कानात संसर्ग निघाला. आडवं होऊन चोखताना अशा कानात दुखतं. नकार ओरडण्यामुळे होता की कानामुळे, हे छातीठोकपणे कोणालाच सांगता येणार नाही. पण कानाचं ऐकल्यावर आईचे खांदे सैल पडलेले मला दिसले.

अजून बंद करायचं नाही, प्रयत्न करायचा, असं तिने ठरवलं. अशा वेळी दोन कामं एकत्र चालवावी लागतात. बाळाचं पोट भरलं पाहिजे आणि दूध आटता कामा नये. बाळ ज्या वेळांना प्यायचं त्या वेळांना हाताने किंवा पंपाने दूध काढायचं आणि तेच कपातून किंवा वाटी-चमच्याने द्यायचं. पाजण्याची सक्ती अजिबात करायची नाही. डोकं धरून छातीशी दाबलं तर नकार आणखी पक्का होतो. त्यापेक्षा उघड्या अंगाशी नुसतं खेळू द्यायचं, अंघोळ एकत्र करायची. अर्धवट झोपेत असताना, मंद उजेडात, हवं तर उभ्याने डोलवत छाती समोर ठेवायची. घेतलं तर घेतलं, नाही तर हसून बाजूला व्हायचं.

कान बरा झाला. मुलगी झोपेत एकदोनदा थोडं प्यायली, पण जागेपणी ठाम नकार. आई दिवसाचं काम, रात्रीचं जागरण आणि पंप यांच्यात पिळून निघाली. पुढच्या भेटीत तिने विचारलं, "आता थांबले तर मी हरले, असं होईल का?"

जागतिक आरोग्य संघटना पहिले 6 महिने फक्त आईचं दूध आणि पुढे पूरक आहारासोबत 2 वर्षं किंवा त्यानंतरही स्तनपान सुचवते, हे तिला पाठ होतं. ती शिफारस योग्यच आहे. पण ती एखाद्या आईला शिक्षा म्हणून ऐकवली जाते तेव्हा मला फार वाईट वाटतं. दहा महिने पाजलेलं दूध त्या मुलीच्या अंगी लागलेलं आहे, ते कोणी परत घेत नाही. थांबायचं की नाही हे तिने ठरवायचं होतं, आणि तिने थांबायचं ठरवलं. वर्षाच्या आत गाईचं किंवा म्हशीचं दूध हे मुख्य पेय म्हणून चालत नाही, त्यामुळे काय द्यायचं ते बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं. आईचं साठवलेलं दूध आणि फॉर्म्युला, शिवाय रोजचा वरचा आहार.

आता शरीराकडे बघायचं होतं. पंप एका दिवसात बंद केला तर छाती दगडासारखी होते, गाठी येतात, स्तनदाहही होऊ शकतो. म्हणून दोन वेळांमधलं अंतर वाढवत जायचं आणि दर वेळी ताण उतरेल एवढंच काढायचं. पूर्ण रिकामं केलं की शरीर पुन्हा तेवढंच दूध बनवतं. थोडं आत राहू दिलं की बनणं आपोआप मंदावतं. थंड पट्ट्यांनी आराम पडतो. आधार देणारी, पण न काचणारी ब्रा घालावी. छाती घट्ट बांधून ठेवायची जुनी पद्धत टाळावी, त्याने दुखणं वाढतं. पाणी कमी प्यायचीही गरज नाही. एखादा भाग लाल, गरम आणि दुखरा झाला, ताप आला, अंग मोडून आलं आणि दिवसभरात उतार पडला नाही, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं.

पंप जवळजवळ सुटला आणि तिचा फोन आला. कारण नसताना रडू येतंय, झोप लागत नाही, कोणी बोललं की अंगावर धावून जावंसं वाटतं. घरचे म्हणत होते, "आता तर मोकळी झालीस!" दूध बंद होताना प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवायला लावणारं संप्रेरक, उतरतं, पाजताना सुटणारं ऑक्सिटोसिन हे संप्रेरकही मिळेनासं होतं, आणि हे झपाट्याने घडलं की काही बायकांना असा त्रास होतो. शिवाय खरोखरचं काहीतरी संपलेलं असतं. दिवसातून इतक्या वेळा होणारी ती जवळीक निरोप न घेता संपली, तर रडू येणारच. मी तिला रडू नको असं म्हटलं नाही. नवऱ्याला मात्र बोलावून घेतलं आणि 'मोकळी झालीस' हे वाक्य घरातून काढून टाकायला सांगितलं.

बोलता बोलता कळलं की बाटली आजीच देत होती. आईला ते बघवत नसे, ती दुसऱ्या खोलीत जाऊन बसे. मी तिला सुचवलं, निदान रात्रीची बाटली तुम्ही द्या. त्याच कोपऱ्यात, त्याच कुशीत, तेच गुणगुणत. पिताना मुलगी पूर्वी आईच्या केसांची बट बोटाला गुंडाळायची. तिसऱ्या-चौथ्या रात्री बाटली पितानाही तिचा हात त्या बटेकडे गेला. हे सांगताना आई रडली, पण ते रडणं निराळं होतं. फ्रीझरमधलं साठवलेलं दूध वापरवत नव्हतं आणि टाकवतही नव्हतं. तेही तिने रात्रीच्या बाटलीतून एकेक करून संपवलं.

या काळात मी तिच्याकडून 1987 साली तयार झालेली, बाळंतपणानंतरचं नैराश्य चाचपणारी एडिनबरो प्रश्नावली दोनदा भरून घेतली. तिच्यात मागच्या सात दिवसांतल्या मनःस्थितीविषयी 10 प्रश्न आहेत. त्यातला शेवटचा, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा प्रश्न मी नेहमी आधी बघते. पहिल्या वेळी तिचे गुण काठावर होते, दुसऱ्या वेळी उतरले. उतरले नसते तर मी तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, बाळाकडे बघवेनासं झालं किंवा मरणाचे विचार आले, तर वाट बघत बसू नये. मरणाचे विचार असतील तर त्याच दिवशी मदत घ्यावी आणि घरच्यांनी तिला एकटं सोडू नये.

शेवटच्या भेटीत तिने विचारलं, "आता कधी ती स्वतःहून छातीशी आली तर? देऊ की नको?" मी म्हटलं, तुमच्या मनाला बरं वाटत असेल तर द्या. दूध थोडं असेल किंवा नसेल, त्याने तिचं काही बिघडत नाही. आणि तुम्हाला नको वाटलं तर कडेवर घ्या. तिला तेही आवडतं.