अग्रमस्तिष्क: यातला ‘अग्र’ कुठला?

तुमचे प्रश्न तीन. ‘अग्रमस्तिष्क’, ‘प्रमस्तिष्क’ आणि ‘मोठा मेंदू’ ही एकाच भागाची तीन नावं का? अग्रमस्तिष्क म्हणजे कपाळामागचा, निर्णय घेणारा मेंदू, असं तुम्ही एका लेखात वाचलंत, ते बरोबर का? आणि हायपोथॅलॅमसला मराठीत अधश्चेतक म्हणावं की अधोथॅलॅमस?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण घोळाचं मूळ तिथे आहे. बरोबर नाही. कपाळामागे असतो तो ललाटखंड. तो प्रमस्तिष्काच्या खंडांपैकी एक. आणि प्रमस्तिष्क, म्हणजेच बोलण्यातला मोठा मेंदू, हा अग्रमस्तिष्काचा एक भाग. भलामोठा असला तरी भागच. लेखकाला बहुधा ललाटखंडाचा अगदी पुढचा भाग म्हणायचा असावा. बेत आखणं, मोह आवरणं, दोन पर्यायांतून एक निवडणं ही कामं बऱ्याच अंशी तिथली. पण त्याला अग्रमस्तिष्क म्हणणं म्हणजे एका खोलीला अख्खा वाडा म्हणणं झालं.

फसवतो तो ‘अग्र’. मराठी कानाला अग्र म्हटलं की पुढचा किंवा श्रेष्ठ असंच ऐकू येतं: अग्रेसर, अग्रगण्य, अग्रपूजा. पण शब्द इतका सरळ नाही. अग्रज पुढे उभा असतो म्हणून अग्रज नव्हे, आधी जन्मला म्हणून. अग्रलेख वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर असतो, तरी तो अग्रलेखच. आणि नासाग्र, नखाग्र, जिव्हाग्र यांत अग्र म्हणजे चक्क टोक. अग्रमस्तिष्कातला अग्र या टोकवाल्या कुळातला.

टोक कशाचं? गर्भ साधारण चार आठवड्यांचा असताना पुढे मेंदू होणारा भाग ही एक नळी असते. तिच्या डोक्याकडच्या बाजूला एकामागे एक तीन फुगवटे येतात. अगदी टोकाचा तो अग्रमस्तिष्क, मधला मध्यमस्तिष्क, त्यामागचा पश्चमस्तिष्क. ही नावं त्या नळीवरच्या क्रमाची आहेत, मोठ्या माणसाच्या डोक्यातल्या जागांची नाहीत. पुढच्या आठवड्यात टोकाच्या फुगवट्याचे दोन भाग पडतात. एक दोन्ही बाजूंना फुगत जाऊन प्रमस्तिष्काचे दोन गोलार्ध बनतो. दुसरा मध्यभागीच राहतो आणि त्यातून थॅलॅमस, हायपोथॅलॅमस, पिनिअल ग्रंथी वगैरे घडतात.

मग गोलार्धांची वाढ सुरू होते आणि दिशांचा सगळा हिशेब उलटापालटा होतो. ते आधी पुढे आणि वर वाढतात, मग मागे जातात, तिथून खाली वळून कानाच्या बाजूने पुन्हा पुढे येतात. या फेऱ्यात ते मध्यमस्तिष्काला पार झाकून टाकतात. प्रौढ माणसात मध्यमस्तिष्क जेमतेम दोन सेंटिमीटर लांबीचा, आत दडलेला तुकडा उरतो. डोक्याच्या अगदी मागे हात लावलात तर कवटीच्या आत तिथे प्रमस्तिष्काचा जो खंड असतो, तोही अग्रमस्तिष्काचाच. डोळ्यांनी पाहिलेल्याचा अर्थ लावण्याचं काम तिथे चालतं. डोक्यात सर्वांत मागे बसलेला हा भाग व्याख्येने ‘अग्र’ आहे.

या मागच्या खंडाचं मराठी नाव वाचलंत तर आणखी गोंधळाल: पश्चकपाल खंड. मराठीत कपाळ म्हणजे ललाट, मग ‘मागचं कपाळ’ हा काय प्रकार? संस्कृतात कपाल म्हणजे कवटी; कापालिक आठवा. शब्द मराठीत येता येता कवटीवरून घसरून भुवयांच्या वर येऊन थांबला. परिभाषा करणाऱ्यांनी संस्कृत अर्थ धरला, वाचणारा मराठी अर्थ धरून वाचतो. याला चूक म्हणता येत नाही, पण शाळेतल्या मुलांनी हसावं इतपत हे विचित्र आहे खरं.

‘अग्र’ हा वंशाचा शब्द आहे याचा सर्वांत देखणा पुरावा डोळ्यात सापडतो. दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला प्रकाश टिपणारा पडदा, अग्रमस्तिष्काच्याच भिंतीतून बाहेर आलेल्या फुगवट्यापासून बनतो. त्यातून मेंदूकडे जाणारी चेता, म्हणजे नर्व्ह, हातापायांतल्या चेतांच्या जातीची नाही. ती मेंदूच्याच तंतूंचा जुडगा आहे आणि म्हणूनच माणसात ती तुटली की पुन्हा वाढत नाही. डोळ्यांचे डॉक्टर थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि आत उजेड टाकून बघतात, तेव्हा त्यांना लालसर नारिंगी पडदा दिसतो आणि एका बाजूला ती चेता जिथून निघते ती फिकट चकती दिसते. कवटी न उघडता अग्रमस्तिष्काचं एवढं थेट दर्शन दुसरीकडे कुठे होत नाही.

आता पहिला प्रश्न. प्रमस्तिष्क आणि मोठा मेंदू एकच, हे वर आलंच. ‘प्र’ या उपसर्गातही पुढे आणि विशेष अशा दोन्ही छटा आहेत (प्रगती, प्रमुख, प्राचार्य), त्यामुळे ‘अग्र’ आणि ‘प्र’ शेजारी ठेवले की ते समानार्थी वाटणारच. परिभाषेने इथे वाचकाला फार मदत केलेली नाही. ‘मस्तिष्क’ शब्द मात्र अस्सल जुना: ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अंगाअंगातून यक्ष्मा, म्हणजे रोग, काढून टाकणारं जे सूक्त आहे, त्यात डोळे, नाक, कान यांच्या जोडीला तो येतो. ‘अग्रमेंदू’ ही संस्कृत-मराठी जोडी काहींना खटकते. मला नाही खटकत, लिहा बिनधास्त.

‘मोठा’ हे विशेषण वजनाला खरं आहे. मेंदूच्या वजनाचा सुमारे चार पंचमांश भाग प्रमस्तिष्काचा. पण मोजमाप पेशींचं घेतलं तर चित्र पालटतं. २००९ साली ब्राझीलमधल्या सुझाना हर्क्युलानो-हाउझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी मेंदूतल्या चेतापेशींची जी मोजदाद प्रसिद्ध केली, तीनुसार एकूण सुमारे ८६ अब्ज पेशींपैकी प्रमस्तिष्काच्या बाह्यकात १६ अब्जांच्या आसपास आणि लहान मेंदूत तब्बल ६९ अब्ज. हा लहान मेंदू, म्हणजे अनुमस्तिष्क, पश्चमस्तिष्काचा. बाह्यक म्हणजे गोलार्धांवरचा करडा थर. त्याची जाडी दोन ते चार मिलिमीटर, आणि त्यातला दोन तृतीयांश भाग वळ्यांच्या फटींत लपलेला असतो.

तिसऱ्या प्रश्नाआधी ‘चेतक’ बघायला हवा. थॅलॅमस म्हणजे मेंदूच्या मध्यावर दोन्ही बाजूंना असलेले दोन अंडाकृती गोळे. ग्रीकमध्ये या शब्दाचा अर्थ आतली खोली, शयनगृह. नाव जागेवरून पडलं, कामावरून नाही. आपल्याकडे मात्र चेतक केलं, म्हणजे चेतवणारा. वास सोडला तर बाकी सगळ्या संवेदना बाह्यकाकडे जाताना इथून जातात, आणि जागेपण व झोप यांच्या चढउतारातही याचा हात असतो, म्हणून नाव अगदीच गैरलागू नाही. अडचण एवढीच की चेतक म्हटलं की डोळ्यांसमोर महाराणा प्रतापांचा घोडा येतो. त्यात शेजारचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींशी संबंध असलेला भाग, तोही घोडाच! १५८७ साली इटलीतल्या आरांझी या शरीररचनाकाराला त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा वाटला आणि त्याने तेच नाव दिलं. अठराव्या शतकात कुणीतरी चुकून हिप्पोपोटॅमस लिहिलं आणि काही काळ हा पाणघोडाही पुस्तकांतून वावरला.

हिप्पोकॅम्पसला ‘स्मृतिकेंद्र’ म्हणावं असं सुचवणारे भेटतात. मी विरोध करतो, आणि कारण म्हणून हेन्री मोलेसन यांचं उदाहरण देतो. १९५३ साली अमेरिकेत अपस्मारावर उपाय म्हणून त्यांच्या मेंदूतला दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग आजूबाजूच्या भागांसह काढला. त्यानंतर २००८ मध्ये निधन होईपर्यंत त्यांच्या मनात नव्या घटना टिकल्या नाहीत. पण लहानपणच्या बऱ्याच आठवणी शाबूत होत्या. मानसशास्त्रज्ञ ब्रेन्डा मिलनर यांनी त्यांना दुहेरी रेघांची चांदणी दिली आणि फक्त आरशात बघत त्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायला सांगितली. दिवसागणिक त्यांचा हात सुधारत गेला, आणि दर वेळी त्यांना वाटायचं की आपण हे पहिल्यांदाच करतोय. म्हणजे हाताचं कौशल्य शिकणं हिप्पोकॅम्पसवाचून चालतं, जुनं आठवणंही बऱ्यापैकी चालतं. अडतं ते नव्या प्रसंगांची आठवण घडण्यापाशी. ‘स्मृतिकेंद्र’ या नावाने हे सगळं झाकलं जातं. हिप्पोकॅम्पसच्या पुढ्यातल्या अमिग्डला या भागाला ‘भयकेंद्र’ म्हणण्यातही हाच धोका, कारण तिचा संबंध भीतीइतकाच सुखद अनुभवांशीही येतो. अमिग्डला म्हणजे बदाम. आकारावरून पडलेलं निरुपद्रवी नाव आहे, ते तसंच राहू द्यावं.

बेसल गँग्लिया, म्हणजे गोलार्धांच्या आत खोलवर असलेले चेतापेशींचे गोळे, हेही अग्रमस्तिष्कातच. हालचाल सुरू करणं, थांबवणं, सवयीची करणं यांत त्यांचा वाटा असतो. कंपवातात (पार्किन्सन्समध्ये) पेशी मरतात त्या मुख्यतः मध्यमस्तिष्कातल्या काळसर पट्ट्यातल्या, पण त्यांच्याकडून येणाऱ्या डोपामिन या निरोप पोचवणाऱ्या रसायनाची वाट बघत बसतात हे वरचे गोळे. त्यामुळे ‘कंपवात हा अग्रमस्तिष्काचा आजार’ असं वाक्य दिसलं तर ते अर्धंच समजावं.

आता हायपोथॅलॅमस. ‘अधश्चेतक’ व्याकरणाला चोख आहे: अधस् पुढे च आला की श्च होतो. ‘अधोथॅलॅमस’ नियमाने बसत नाही. ‘अधो’ हे रूप मृदू व्यंजनापुढे येतं (अधोमुख, अधोगती). थ कठोर, म्हणून तिथे स् हवा. मनस् पुढे ताप आला की मनस्ताप होतो, मनोताप नाही. नियम पाळायचा तर ‘अधस्थॅलॅमस’ म्हणावं लागेल आणि तसं कुणी म्हणणार नाही. माझं मत सांगतो: परीक्षेच्या किंवा पुस्तकाच्या लेखनात अधश्चेतक, पण पहिल्यांदा येईल तिथे ‘चेतकाच्या म्हणजे थॅलॅमसच्या खालचा भाग’ एवढं सांगून. एरवी हायपोथॅलॅमस. वजनाने चारेक ग्रॅमचा हा ऐवज तहान, भूक, शरीराचं तापमान सांभाळतो. दिवस-रात्रीचं घड्याळही याच्यातच, आणि त्याची वेळ लावली जाते ती दृष्टिपटलाकडून येणाऱ्या उजेडाच्या खबरीवर.

पीयूषिका ग्रंथीवर ताबाही त्याचाच. पिट्युइटरी हे तिचं पाश्चात्त्य नाव कफावरून पडलं, कारण नाकातला शेंबूड इथून उतरतो असं पूर्वी मानत. आपल्या परिभाषाकारांनी त्याचं थेट अमृत केलं. ही ग्रंथी अग्रमस्तिष्कात मोडते का, हा पुढचा प्रश्न येईलच, म्हणून सांगून ठेवतो: तिची मागची पाली, म्हणजे मागचा भाग, अग्रमस्तिष्काच्या तळातून खाली आलेली आहे, पुढची पाली मात्र गर्भाच्या तोंडाच्या छतातून वर गेलेली. तेव्हा मागची मोडते, पुढची नाही.