तीन पिल्लं आणि आजची रात्र

प्रिय,

फोनवर तुझा आवाज कापत होता, म्हणून खोकं, टॉवेल, बल्ब एवढंच सांगितलं. आता नीट लिहिते.

तुला ती तीन पिल्लं पाषाण तलावाजवळ सापडली, अंगावर पिवळी-तपकिरी लव, डोळ्यावरून गडद रेघ, म्हणजे बहुधा हळदी-कुंकू बदकाची पिल्लं. मोठ्या बदकाच्या काळ्या चोचीला टोकाशी हळद आणि बुडाशी कुंकवाचे दोन ठिपके असतात, म्हणून हे नाव. मादी पाण्याजवळच्या गवतात घरटं करते आणि पिल्लं एक-दोन दिवसांची होताच तिच्यामागे चालू लागतात. चिमणीच्या पिल्लांसारखी ती उघडी-आंधळी नसतात, स्वतः टिपून खातात. त्यांना घास भरवायचा नाही. ड्रॉपरनं पाणी तर मुळीच पाजू नकोस, श्वासनळीत जातं.

खाण्याआधी ऊब. पहिल्या आठवड्यात त्यांना ३२ ते ३५ अंश लागतात आणि सध्या पुण्यात रात्री गारवा असतो. साठ वॅटचा पिवळा बल्ब खोक्याच्या एकाच कोपऱ्यावर लाव, म्हणजे उकडलं तर त्यांना दुसऱ्या कोपऱ्यात सरकता येईल. बल्बखाली एकमेकांवर चढून कलकलाट करत असली तर थंडी वाजतेय. चोच उघडी ठेवून लांब पळत असली तर फार तापलंय. सैल पसरून झोपली की समज, जमलं.

पाणी उथळ ताटलीत ठेव, आत चार गोटे टाक, म्हणजे चोच बुडेल पण अंग भिजणार नाही. हे मी फार मोठी किंमत देऊन शिकले. तुझ्याएवढी असताना मला एक पिल्लू सापडलं होतं. बदकाला पाणी हवंच, म्हणून मी ते बादलीत सोडलं. थोड्याच वेळात ते चिंब झालं, आखडलं आणि माझ्या ओंजळीत गेलं. इतक्या लहान पिल्लाला पोहून आल्यावर आईच्या पोटाखाली शिरून सुकावं लागतं, तिच्या पिसांचं तेलही लवेला लागतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुला सांगतेय.

पाव, दूध, बिस्किटं देऊ नकोस. कोंबडीच्या पिल्लांचं औषध न घातलेलं स्टार्टर खाद्य मिळालं तर पाण्यात भिजवून ठेव, नाहीतर उकडलेल्या अंड्याचा बलक चिमूटभर कुस्करून. एका रात्रीला पुरतं. आठवडेच्या आठवडे मात्र हे चालत नाही. कोंबडीच्या खाद्यात नायसिन हे जीवनसत्त्व बदकांना पुरेल इतकं नसतं, त्यानं पाय वाकतात. तलावावर ती किडे आणि पाण्यावर तरंगणारी टिकलीएवढी पानं टिपतात. ते तुझ्या गॅलरीत कुठून येणार?

आता तुला न आवडणारं. त्यांना नावं देऊ नकोस, मांडीवर घेऊ नकोस, त्यांच्याशी बोलू नकोस. खोक्यावर कापड टाक आणि तिघांना एकत्रच ठेव. प्राण्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या कॉनराड लॉरेन्झनं कलहंसांच्या पिल्लांवर दाखवून दिलं होतं की अंड्यातून निघाल्यावर जे हलतं-बोलतं दिसेल त्यालाच ती आई मानतात. त्याला १९७३ साली नोबेल मिळालं. जे बदक माणसाला आई समजतं ते पुढे कुत्र्यालाही भीत नाही. तुझ्या मायेनंच त्याचा घात होईल. मला हे लिहिताना वाईट वाटतंय, पण हे खरं आहे.

शिवाय ती आपली नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानपक्षी घरी पाळता येत नाही. सापडला तर ४८ तासांच्या आत कळवावं लागतं. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक आत्ताच लाव, सकाळची वाट बघू नकोस. बावधनच्या रेस्क्यू या प्राणी-पक्षी वाचवणाऱ्या संस्थेच्या लोकांना अशा पिल्लांची सवय आहे.

पिल्लं नेमकी कुठे उचललीस ते कागदावर लिहून ठेव: कोणता बांध, कोणतं झाड, किती वाजता. माणसाचा हात लागला की आई टाकते, असं म्हणतात, त्यात तथ्य नाही. कुत्री मागे लागल्यावर मादी बहुतेक वेळा पंख मोडल्याचं सोंग करून कुत्र्यांना लांब नेते आणि मग परत येते. ती आज संध्याकाळी पाणकणसात पिल्लांना हाका मारत असेल. वनखात्याच्या माणसांना हे सांग. उजाडताच दुर्बीण घेऊन पलीकडच्या काठावर बस आणि तिला शोध. मी साडेसहाला तिथे येते.

आणि पहाटे तीनला उठून बल्ब चालू आहे ना, ते बघ.