सह्या झाल्या, आता पावत्या फाडा

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी एसटीतून निवृत्त झालेला वाहक. आमच्या गावात बाजारपेठेत वाचनालयाची स्वतःची दुमजली इमारत आहे. खाली पेपर, वर पुस्तकं. माझे वडीलही तिथेच पेपर वाचायचे. आता विश्वस्त म्हणतात, वाचक उरले नाहीत, छप्पर गळतंय, अनुदान पुरत नाही. इमारत बिल्डरला द्यायची आणि पुस्तकं हायस्कुलात हलवायची असं चाललंय. आम्ही चारशे सह्या जमवून तहसीलदारांना निवेदन दिलं. साहेबांनी ते ठेवून घेतलं, पुढे काही नाही. आता उपोषणाला बसावं असं पोरं म्हणतात. तुमचं मत काय?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : भाऊ, उपोषण थोडं थांबवा. तुमचं निवेदन चुकीच्या टेबलावर गेलंय. आपल्याकडची बहुतेक सार्वजनिक वाचनालयं सरकारी नसतात. ती नोंदणीकृत संस्थांची असतात. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली सरकार त्यांना मान्यता देतं, अ-ब-क-ड असा वर्ग देतं आणि वर्गाप्रमाणे अनुदान. तहसीलदार ते बंदही करू शकत नाहीत आणि चालूही ठेवू शकत नाहीत.

मी तालुक्याच्या एका वाचनालयात एकतीस वर्षं देवघेव सांभाळली. तिथला एक प्रसंग सांगते, कारण तुम्ही आज तिथेच उभे आहात. आमच्या कार्यकारिणीने बालविभाग बंद करून ती खोली मोबाइलच्या दुकानाला भाड्याने द्यायचं ठरवलं. गावात बोंब झाली. वार्षिक सभेला साठेक माणसं आली. मुलांच्या आया, शिक्षक, दोन निवृत्त पोस्टमन. सगळे तावातावाने बोलले. कार्यवाहांनी सगळ्यांना चहा दिला, बोलू दिलं आणि मग सभासदांची यादी काढून वाचली. त्या साठांपैकी मताचा अधिकार होता अकरा जणांना. बाकीचे महिन्याची वर्गणी भरून पुस्तकं नेणारे, म्हणजे वाचक. संस्थेचे सभासद नव्हेत. अकरांतल्या चौघांची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकलेली. सोसायट्यांच्या 1860 च्या कायद्यात अशा माणसाला मत देता येत नाही. उरले सात. ठराव मंजूर झाला. मी टेबलामागे रजिस्टर घेऊन बसले होते, त्यातल्या कित्येकांची कार्डं माझ्याच हातची होती, आणि हा फरक मी कधी कुणाला सांगितला नव्हता. याची मला अजून लाज वाटते.

तेव्हा पहिलं काम हे : तुमच्या चारशे सह्यांपैकी संस्थेचे सभासद किती? तुम्ही आयुष्यभर तिकिटं फाडलीत, आता स्वतःच्या नावाची पावती फाडून घ्या. संस्थेची घटना मागा, त्यात आजीव सभासदाची फी आणि मत कधीपासून मिळतं ते लिहिलेलं असतं. काही ठिकाणी सभेआधी ठरावीक महिने सभासद असावं लागतं, म्हणून उशीर करू नका. आणि हे कडू वाटेल, पण विचारते. त्या चारशेंतले गेल्या वर्षात पुस्तक घरी नेलेले किती? ‘ब’ वर्ग टिकवायला किमान 101 सभासद लागतात, ‘क’ वर्गाला 51. संख्या खाली गेली की वर्ग उतरतो, अनुदान उतरतं, आणि मग ‘वाचकच नाहीत’ हे विश्वस्तांचं वाक्य खरं ठरतं. चारशे माणसांनी वर्गणी भरली, तर त्यांना ते वाक्य बोलता यायचं नाही.

दुसरं, धर्मादाय आयुक्तांचं, म्हणजे सार्वजनिक न्यासांवर देखरेख ठेवणाऱ्यांचं, जिल्ह्याचं कार्यालय. निवेदन तिथे हवं होतं. आधी तिथून तुमच्या वाचनालयाच्या परिशिष्ट 1 ची प्रमाणित नक्कल काढा. विश्वस्तांची नावं आणि मिळकत त्यात नोंदलेली असते. सिटी सर्व्हेमधून मिळकत पत्रिकाही काढा. जागा कुणी दानपत्राने दिलेली असते, कधी नगरपालिकेची भाडेपट्ट्याची निघते, आणि मग गोष्टच वेगळी होते. जागा संस्थेचीच असली तरी विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 36 प्रमाणे ती विकायला, बदलून द्यायला किंवा तीन वर्षांवर भाड्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. असा अर्ज गेला आहे का, ते विचारा. गेला असेल तर लेखी हरकत द्या. तुमच्यातले काही सभासद झालेले असतील, तर ती त्यांच्या सहीने द्या. हरकतीत भावनेपेक्षा रुपये लिहा : बिल्डर काय देतोय, वाचनालयाला किती जागा आणि किती मजल्यावर. जिना चढवून म्हाताऱ्या पेपरवाल्यांना घालवणं फार सोपं असतं.

आणि संस्थाच गुंडाळायची म्हणाले, तर त्याला सर्वसाधारण सभेत तीन-पंचमांश सभासदांचं मत लागतं, आणि उरलेली मालमत्ता सभासदांत वाटता येत नाही. म्हणून त्यांना सभासदांची यादी छोटीच बरी वाटते.

तुमच्या पोरांना काही करायचंच असेल, तर इंग्लंडमधल्या स्टोनी स्ट्रॅटफर्डचा किस्सा सांगा. 2011 च्या जानेवारीत तिथलं ग्रंथालय बंद होणार अशी धास्ती होती. गावकऱ्यांनी मोर्चा न काढता आपापल्या कार्डावर जमतील तितकी पुस्तकं घरी नेली. सोळा हजार पुस्तकं गेली, फळ्या रिकाम्या. मला हा प्रकार फार आवडतो. देवघेवीच्या टेबलावरच्या बाईला त्या दिवशी जेवायला वेळ मिळाला नसणार. पण तिथलं ग्रंथालय कौन्सिलचं होतं, निवडून आलेल्यांना लाज वाटायची सोय होती. तुमच्याकडे नुसत्या रिकाम्या फळ्यांचा फोटो काढला, तर बिल्डर म्हणेल, चला, हलवायचं काम वाचलं. तेव्हा पुस्तकं न्या, पण पावती फाडून, आणि पंधरवड्याने परत करा, म्हणजे देवघेवीचे आकडे वाढतील. जिल्हा ग्रंथालय अधिकारी तपासणीला येतात तेव्हा रजिस्टर उघडून तेच बघतात.

छप्पर खरंच गळत असेल, तर तेही नाकारू नका. पत्र्याचा अंदाज गावातल्या सुताराकडून लेखी घ्या आणि तो घेऊनच सभेला जा.

एक शेवटचं. सभासदत्वाचा अर्ज देताना तुमच्या घरात वाचनालयाचं एखादं जुनं पुस्तक राहिलंय का, ते कपाटात बघा. आमच्या सभेत एका मास्तरांचा अर्ज त्याच कारणाने मागे ठेवला होता. पुस्तक अकरा वर्षांपूर्वीचं, आणि ते माझ्याच सहीने गेलं होतं.