डार्क मॅटरमध्ये नवीन आहेस ना, मग आधी एवढंच कर

डार्क मॅटर म्हणजे न दिसणारं, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारं द्रव्य. त्याचे कण कोणते असतील हे सुचवणाऱ्या सुपरसिमेट्री या थिअरीची जाडजूड पुस्तकं सध्या बाजूला ठेव, खरंच. आधी एका आकाशगंगेचा रोटेशन कर्व्ह, म्हणजे केंद्रापासूनच्या अंतराप्रमाणे फिरण्याचा वेग दाखवणारा आलेख, स्वतः काढ. स्पार्क नावाचा १७५ आकाशगंगांचा डेटा फुकट मिळतो, पायथॉनमध्ये प्लॉट कर, आणि दिसणाऱ्या तारे-वायूच्या हिशोबाने बाहेर वेग कमी व्हायला हवा तो होतच नाही हे एकदा डोळ्यांनी बघितलंस की बाकीचं वाचलेलं डोक्यात बसतं.

नवीन पोरं हमखास चुकतात ते इथे:

- डार्क मॅटर आणि डार्क एनर्जी एकच समजतात. विश्वाच्या एकूण वस्तुमान-ऊर्जेत पहिलं साधारण २७ टक्के, दुसरं, म्हणजे विश्वाचं प्रसरण वाढवणारी ऊर्जा, ६८ च्या आसपास.
- बॅकग्राउंडला, म्हणजे डार्क मॅटरचे वाटू शकणारे पण दुसरीकडून येणारे सिग्नल मोजायला, कंटाळतात. अरे, डार्क मॅटरचे कण टिपायच्या द्रव झेनॉनच्या टाक्या दीड-एक किलोमीटर खडकाखाली नेतात त्या कॉस्मिक किरणं टाळायलाच, तरी रेडॉन हा किरणोत्सारी वायू छळतोच! आमचं अर्धं काम म्हणजे बॅकग्राउंड मोजणं.
- ३ सिग्मा (सिग्मा जितका जास्त, तितकी सिग्नल निव्वळ योगायोग असण्याची शक्यता कमी) दिसला की नाचतात. ५ शिवाय कोणी शोध म्हणत नाही.

स्टॅटिस्टिक्स कच्चं असेल तर आधी ते, क्वांटम फील्ड थिअरी नंतर बघू. आणि गाईडला बावळट प्रश्न विचारायला लाजू नकोस, मी पहिलं वर्ष त्यातच घालवलं.