पालावरची पोरं शाळेत येताना

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. ‘पारध्यांना शिक्षणाची गोडीच नाही’ असं तू शिकवतेस त्या शाळेत सगळे म्हणतात ना? त्यांच्या होला हो करण्याआधी थोडं मागचं वाच.

इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि अख्ख्या जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवून टाकल्या. नोंद झालेल्यांनी पोलिसांपुढे हजेरी लावायची, परवान्याशिवाय हलायचं नाही. 1897 च्या दुरुस्तीने तर 4 ते 18 वर्षांचे मुलगे आईबापांपासून तोडून वेगळ्या वसाहतीत ठेवायची मुभा सरकारला दिली. नाव काय, तर ‘सुधारणा’! कॅनडातल्या मूलनिवासींच्या निवासी शाळांबद्दल वाचून आपण हळहळतो. सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट, म्हणजे अशीच वसाहत, किती जणांना ठाऊक असते? कायदा 1952 मध्ये गेला, पारध्यांवरचा संशय काही गेला नाही. गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी अजून आधी पालावरच जाते. मग सरकारी माणूस पोर मागायला आला की आजी पोराला झोपडीत लपवणारच. तुलाही ती आधी सरकारी माणूसच समजेल.

वर्गात कुणाचं पेन हरवलं की बघ, सगळ्या माना एकाच बाकाकडे वळतात. त्या वेळी एकट्या पारधी पोराचं दप्तर उपसू नकोस. तपासायचंच तर सगळ्यांचं, आणि सुरुवात पाटलाच्या पोरापासून. पारधी पोराची घरातली बोली गुजरातीच्या जवळची. पहिले काही महिने मराठीत गप्प बसला म्हणून ‘ढ’ म्हणू नकोस.

आता कागदांचं. जन्मदाखला किंवा टीसी नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, 2009 चा शिक्षण हक्क कायदा तसं स्पष्ट सांगतो. जातीच्या दाखल्याचं मात्र जिकिरीचं. फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात, पण पुरावा 6 सप्टेंबर 1950 च्या आधीचा मागतात. आजोबा तेव्हा रानोमाळ फिरत होते; त्यांची सरकारी नोंद असलीच तर पोलिसांच्या वहीत! म्हणून दहावीपर्यंत थांबू नकोस, पोर पहिलीत असतानाच प्रांत कार्यालयात अर्ज टाकायला लाव. मुख्याध्यापक प्रवेशाला अडून बसले तर फोन कर, कायद्याची प्रत पाठवते.

तुझी,
बाई