पावसात गेलेले सामने एकाच दिवसात उरकायचे का?

पाऊस लांबला की तालुका आणि जिल्हा पातळीवरच्या फुटबॉल स्पर्धांचे वेळापत्रक कोलमडते आणि पालक, क्रीडाशिक्षक, खेळाडू यांच्याकडून तेच ते प्रश्न पुन्हा येऊ लागतात. मृगाच्या तोंडावर विजा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात परतीचा पाऊस, यात मराठवाड्याला नवीन काही नाही. तरीही राखीव दिवस न ठेवता भाग्यपत्रिका काढल्या जातात. काही प्रश्नांची उत्तरे इथे एकत्र देतो. दुखापतीविषयीचा सल्ला सर्वसाधारण समजावा. पत्रावरून निदान होत नसते.

प्रश्न : चिखलात पडून मुलाचा गुडघा सोलला. घरी हळद भरली आहे. चालेल ना? (एक आई, सेलू)

हळद नको, माती नको, चुनाही नको. वाहत्या स्वच्छ पाण्याखाली साबणाने धुवा आणि धनुर्वाताचे इंजेक्शन लागेल का ते आजच डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : उपांत्य सामन्यात ५२व्या मिनिटाला आम्ही २-० ने पुढे होतो. धो-धो पाऊस आला, पंचांनी सामना सोडून दिला. आता संयोजक म्हणतात, पुन्हा पहिल्यापासून खेळा. हा अन्याय नाही का? (संघाचा कर्णधार, अंबाजोगाई)

नाही. सोडून द्यावा लागलेला सामना पुन्हा खेळवायचा, असेच खेळाचा सातवा नियम सांगतो. स्पर्धेच्या नियमावलीत किंवा संयोजकांनी वेगळे ठरवले असेल तरच अपवाद. तेव्हा आधी नियमावली मिळवून वाचा. उरलेलाच वेळ खेळवण्याचे कलम त्यात असेल तर त्यावर बोट ठेवून समितीकडे लेखी अर्ज करा. सामना थांबवण्याचा अधिकार पंचांचा आहे, त्यावर हुज्जत घालू नका.

प्रश्न : पाऊस नाही, नुसताच गडगडाट आहे, अशा वेळी खेळ चालू ठेवावा का? मैदानाच्या कडेला मोठी लिंबाची झाडे आहेत. गावात म्हणतात, संघात पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेले) मूल नसले की विजेची भीती नाही. (क्रीडाशिक्षक, भोकरदन तालुका)

पायाळू मुलाचा आणि विजेचा काडीचाही संबंध नाही. असल्या बोलण्याने एखादे पोर संघाबाहेर बसते, याचा मला फार राग येतो. मोकळ्या जागेत जे उंच असेल त्यावर वीज पडते. मैदानात उंच काय असते? गोलपोस्ट, कडेचे झाड आणि उभा खेळाडू.

वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण ३ सेकंद लागतात. ३० सेकंदांच्या आत गडगडले तर वीज दहा किलोमीटरच्या टप्प्यात आहे, खेळ बंद करा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे कोणीही मैदानात उतरायचे नाही. मध्ये पुन्हा गडगडले तर मोजणी पुन्हा शून्यापासून. पाऊस पडतो आहे की नाही, हे बघायचेच नाही.

मुलांना झाडाखाली, मंडपात किंवा उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये उभे करू नका. शाळेची पक्की इमारत हवी, ती नसेल तर काचा लावलेली बस. नोव्हेंबर २०२४ मध्ये पेरू देशातल्या चिल्का इथे पंचांनी सामना थांबवला होता, खेळाडू चालत बाहेर निघाले होते, तेवढ्यात वीज कोसळून त्यातला एक दगावला. पहिल्या गडगडाटालाच सेकंद मोजायला लागा, एवढ्यासाठी हे सांगतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये असू द्या. वीज लागलेल्याच्या अंगात करंट उरत नाही. त्याला हात लावा, १०८ ला फोन करा, श्वास थांबला असेल तर छाती दाबायला लागा. ते कसे करायचे हे स्पर्धेच्या आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन शिकून या.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. तीन दिवस पावसात गेले म्हणून शनिवारी सकाळी उपांत्यपूर्व, दुपारी उपांत्य आणि रविवारी अंतिम सामना ठेवला आहे. सर म्हणतात, या वयात पोरं दमत नाहीत. खेळू द्यावे का? (एक वडील, लातूर)

शनिवारी एकच सामना. दोन्ही नाही.

‘पोरं दमत नाहीत’ हे मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की आता सविस्तरच लिहितो. पोराला दम लागलेला दिसतो, दहा मिनिटांत तो ओसरलेलाही दिसतो. स्नायूंचा थकवा असा डोळ्यांना दिसत नाही. पूर्ण सामना खेळल्यावर पायाच्या स्नायूंमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा भरून यायला ४८ ते ७२ तास लागतात. दोन केळी आणि ग्लुकोजचे पाणी देऊन तो दुपारपर्यंत भरत नाही.

युरोपातल्या एका मोठ्या व्यावसायिक संघाचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यात एक सामना खेळताना खेळाच्या दर हजार तासांमागे ४.१ दुखापती, दोन सामने खेळताना २५.६. त्याच अभ्यासात खेळाडूंच्या धावण्यात मात्र विशेष फरक आढळला नाही. पोरगा पळतोय ना, मग खेळू द्या, असे म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावे. ते खेळाडू प्रौढ होते, फिजिओ आणि आहारतज्ज्ञ त्यांच्या हाताशी होते, दोन सामन्यांत काही दिवसांचे अंतर होते. तुमच्या मुलाला काही तास मिळणार आहेत. दोन सामन्यांत किमान ७२ तास विश्रांती हवी, ही भूमिका जुलै २०२५ मध्ये फिफानेही मांडली.

शिवाय या वयात हाडे वाढत असतात. स्नायू हाडाला जिथे चिकटतो तिथल्या कोवळ्या कूर्चेवर ताण येतो आणि गुडघ्याच्या वाटीच्या खालचा उंचवटा किंवा टाच दुखू लागते. ‘वाढीचं दुखणं आहे’ म्हणून त्यावर स्प्रे मारतात आणि पोराला परत उतरवतात. स्प्रेने दुखणे झाकले जाते, खालची इजा तशीच राहते. दुसऱ्या सामन्याआधी वेदनाशामक गोळी देणारेही आहेत. घामाने पाणी गेलेल्या शरीरात ती गोळी मूत्रपिंडांवर ताण आणते. डॉक्टरांनी दिल्याशिवाय एकही गोळी नको.

आणि एवढी घाई कशासाठी? पाहुण्यांची तारीख घेतलेली असते, बॅनर छापलेले असतात, मंडपाचे पैसे दिलेले असतात, म्हणून. १९६२-६३ च्या हिवाळ्यात इंग्लंडमधली मैदाने गोठली तेव्हा तिथल्या एफए कप या फुटबॉल स्पर्धेची तिसरी फेरी संपायला ६६ दिवस लागले. ४ मेला ठरलेला अंतिम सामना त्यांनी २५ मेला नेला. लंडनच्या वेम्ब्ली मैदानावरचा हा सामना तीन आठवडे पुढे जाऊ शकतो, तर लातूरचा एक आठवडा का जाऊ नये?

दोन-चार पालक मिळून उद्याच संयोजकांना लेखी द्या. वरच्या फेरीची तारीख खरोखरच अंगावर आली असेल, तर लहान मुलांच्या स्पर्धेत दोन्ही अर्धांचा वेळ कमी करायला आणि बदललेला खेळाडू परत आत घ्यायला नियमांत वाव आहे. पण ते सामना सुरू होण्याआधी ठरले पाहिजे आणि स्पर्धेच्या नियमावलीत बसले पाहिजे. मुलगा लंगडत असेल, मांडीच्या मागे हात धरत असेल, तर अंतिम सामना असला तरी उतरवू नका. गुडघ्यात ‘टक’ आवाज होऊन काही तासांत सूज आली तर लिगामेंट तुटलेले असू शकते. मालीशवाल्याकडे नेऊन चोळू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : आमचे मैदान काळ्या मातीचे आहे. वरून वाळले की रोलर फिरवून सामना घ्यावा का? भुसा टाकला तर? (संयोजक, नांदेड)

काळी माती पाणी पिऊन फुगते. वरची साय सुकली तरी खाली लोणी असते, पाय त्यात रुततो आणि वरचे शरीर वळते. घोटा आणि गुडघा तिथेच जातो. वाफसा आला का, हे शेजारच्या शेतकऱ्याला विचारा, त्याला नक्की कळते. दोन्ही गोलांसमोर आणि मध्यभागी टाच दाबून बघा, पाणी वर आले तर सामना नाही. खांद्याच्या उंचीवरून चेंडू सोडा, तो जागीच बसला तरी नाही. ओल्यावर रोलर फिरवलात तर माती दाबून बसते आणि पुढचा पाऊस वरच साचतो. भुशाने फक्त ओल झाकली जाते. आणखी एक गोष्ट सहसा कोणी बघत नाही: चिखलात उमटलेले बुटांचे आणि गुरांच्या खुरांचे खळगे उन्हात वीटेसारखे कडक होतात. मैदान कोरडे दिसते आणि त्या खळग्यांत घोटे मुरगळतात. ते अर्धवट ओले असतानाच भरून घ्या. पाहणी पहाटेच करा आणि किनवट-माहूरकडचे संघ निघण्याआधी त्यांना फोन करा.

प्रश्न : टर्फवाले सांगतात, आमच्याकडे पावसातही स्पर्धा थांबत नाही. पण प्रवेश फी परत मिळणार नाही म्हणतात. (खेळाडू, छत्रपती संभाजीनगर)

पाणी लवकर निचरते, एवढेच त्यात खरे. विजेला टर्फ कळत नाही, आणि भोवतीचे लोखंडी खांब व जाळी हा आसरा नव्हे. ऊन पडले की कृत्रिम गवत साध्या गवतापेक्षा खूप जास्त तापते. पैसे भरण्याआधी सामना रद्द झाल्यास काय, हे पावतीवर लिहून घ्या. लिहून देत नसतील तर भरू नका.

प्रश्न : लागोपाठ सामने असताना रिकव्हरी पावडर घ्यावी का? जिमवाले सुचवतात. (खेळाडू, १७, जालना)

नाही. विकणाऱ्याचा सल्ला घेऊ नये. भात-वरण, अंडी किंवा उसळ, दूध, केळी आणि पुरेशी झोप घे. एवढे करूनही अशक्तपणा वाटत असेल तर रक्त तपासून घे.

प्रश्न : सामना पुढे ढकलला त्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात मुलांकडून कसून सराव करून घेतला तर? (क्रीडाशिक्षक, हिंगोली)

करून घेऊ नका. ओल्या फरशीवर स्टडचे बूट घालून तर मुळीच नाही. वीस मिनिटे हलका व्यायाम, थोडे ताण देणे, मग घरी. ज्याला आधीपासून काही दुखत असेल त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा. दिवस आयता मोकळा मिळाला आहे.